वास खरकट्याचा नव्हता

मे महिना. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका घरून फोन आला : डिशवॉशर उघडलं की नाल्यासारखा वास येतो, भांडी पुन्हा हातानं घासावी लागतात. गेलो तर आजींनी दारातच सांगितलं, "माझं ताट त्या मशीनमध्ये जाणार नाही. काय करायचं ते करा."

दार उघडलं आणि ओळखलं, हा वास खरकट्याचा नाही. खरकट्याचा वास आंबूस येतो, हा खवट तेलाचा होता. तळातली जाळी फिरवून काढली. तिच्यात भाकरीचा चुरा, शेंगदाण्याचं कूट आणि येसर आमटीच्या तर्रीचं गोठलेलं तेल. जाळी घासून बसवली, तरी वास हटेना.

मग वहिनींना विचारलं, कोणता प्रोग्राम लावता? "अर्ध्या तासाचा. पाणी कमी लागतं ना, दादा. नळाला पाणी कधी येईल भरवसा नाही, टँकरवर भागवतो आम्ही."

पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा एवढा मोठा जलाशय, इथून पन्नासेक किलोमीटरवर, आणि शहरात ही गत. त्यांनी जे केलं ते काटकसरीपोटी, आणि ती काटकसर मला मनापासून पटते. पण झटपट प्रोग्रामचं पाणी साधारण ४५ अंशांपर्यंतच तापतं. आपल्या जेवणातलं तेल तेवढ्यानं पुरतं सुटत नाही, नुसतं जागा बदलतं. ताटावरून निघतं आणि पंपाच्या खळग्यात, निचऱ्याच्या पाइपात थराथरानं बसतं. ६५-७० अंशांचा लांब प्रोग्राम थोडं जास्त पाणी घेतो, पण तेल बाहेर काढतो.

टँकरचं पाणीही बोअरचं, जड. फवाऱ्याच्या पात्यांची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजत आली होती, ती दातकोरणीनं मोकळी केली. मिठाच्या कप्प्यात स्वयंपाकाचं आयोडीनवालं मीठ होतं. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे रेझिनचे मणी त्या कप्प्यातल्या मिठानं पुन्हा ताजे होतात. खायचं मीठ गुठळी होऊ नये म्हणून त्यात जे घालतात, ते मात्र तिथं अडकून बसतं. डिशवॉशरचंच मीठ घ्या, एवढं सांगितलं.

दाराच्या रबराची खालची कड मात्र सगळे विसरतात. तिथं फवारा पोचत नाही. जुन्या ब्रशनं काळा बुळबुळीत थर काढला. निचऱ्याचा पाइप सोडवून कढत पाण्यानं धुतला, तेव्हा खरा वास बाहेर पडला. सगळे खिडकीकडे पळाले.

शेवटी रिकाम्या मशीनमध्ये लिंबूसत्त्व टाकून सगळ्यात गरम प्रोग्राम लावला. तेवढ्यात वहिनी ब्लीचची बाटली घेऊन आल्या, "हेही टाकू का, एकदाचं साफ होईल." मी हात धरल्यागत थांबवलं. आम्लात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. शिवाय ब्लीचनं आतलं स्टीलही खराब होतं.

आता ठरलंय असं : ताटं आधी पुसून घ्यायची, मशीन पूर्ण भरल्यावरच गरम प्रोग्राम लावायचा, झाल्यावर दार किलकिलं ठेवायचं, जाळी आठवड्याला धुवायची.

निघताना आजींनी विचारलं, मशीनचं सांडपाणी तुळशीला चालेल का? नाही चालणार. त्यात साबणाचा खार असतो. संडासात ओतायला चालेल म्हणालो. मग सिंकमध्ये बादली ठेवून निचऱ्याचा पाइप तिच्या काठाला बांधून दिला, तोंड पाण्यात बुडणार नाही असा. बुडालं तर घाण पाणी मशीनमध्ये उलटं ओढलं जातं.