दिवाळीचं विणकाम : १००० रुपये आणि चार माणसं

भाऊबीज तीन आठवड्यांवर आली आणि सुयांवरून पुरती उतरलीय एकच वस्तू : मामांची कानटोपी. ते निफाडला असतात. कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या म्हणजे टोपी कानांवर घट्ट बसायलाच हवी. ८ नंबरच्या सुया, ९६ टाके, एक सुलट एक उलट. ८० ग्रॅम लोकर लागली.

आत्याची शाल रद्द. सत्काराच्या शालींनी तिचं कपाट आधीच भरलंय, शिवाय शालीची लोकर बजेटमध्ये बसेना. तिला मफलर. मेन रोडवरून लोकर आणली तेव्हा ६५० गेले, तरी एक लडी कमी पडली. पुन्हा त्याच दुकानातून तोच शेड आणला, ९० रुपये. रात्री ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं दिसत होतं. सकाळी गॅलरीत उन्हात धरलं तर मधोमध सरळ पट्टा! लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली खेप, वेगळा होता. दहा इंच उसवले. आता दोन ओळी जुन्या लडीच्या, दोन नव्या, धागा कडेनं वर न्यायचा. फरक मिसळून जातो. चिठ्ठीवरचा लॉट बघायला हवा होता, एवढं माहीत असून बघितला नाही.

भाचीचा स्वेटर मात्र फुकटात. दादाचा शाळेतला बाटली-हिरवा, आईनं विणलेला, माळ्यावर सापडला. धाग्याचं टोक जाळून पाहिलं : केस जळल्यासारखा वास, राख बोटांत चुरली. म्हणजे खरी लोकर. अॅक्रिलिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता. आधी बाजूच्या शिवणी सोडवल्या, मग गळ्याकडून, जिथे टाके बंद केले होते तिथून उसवायला घेतलं. कोपरांपाशी धागा विरलेला, तेवढा टाकून दिला. बाकीचा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून चार ठिकाणी सैलसर बांधला, कोमट पाण्यात भिजवला आणि खाली वजन लावून वाळत टाकला. चोळायचं नाही, गरम पाणीही नाही. खरी लोकर आटते. नूडल्ससारखी वळलेली लोकर दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सरळ झाली.

आईचे मोजे सुरूही नाहीत. टाच वळवताना माझे टाके दरवेळी चुकतात. हातात २६० उरलेत, त्यात चार सुयांचा संच आणि मोज्यांची लोकर बसवायचीय.