रडायची म्हणे

काल सुमीची लेक पेढे घेऊन आली होती. ऑक्टोबरात निघतेय, जर्मनीत, स्टुटगार्टला, मास्टर्ससाठी. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच बँकेत अडकवून ठेवायचा, त्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो टाकायचे, शिवाय तिकडच्या राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी, सुमीच्या नवऱ्याने लोन काढलंय वगैरे सगळं चाललं होतं आणि आई मधेच तिला म्हणाली, "होते गं सवय हळूहळू. ही फ्रायबुर्गला गेली होती ना, फोनवर रोज रडायची."

मी चहा गाळत होते. काहीच बोलले नाही.

मी रडले नव्हते. एकदाही नाही. आणि रोज फोन तर नव्हताच, कॉलिंग कार्ड असायचं, युरो तेव्हा सत्तरच्या आसपास, मी दोन मिनिटांत आटपायचे.

आता ही काय एवढी लिहायची गोष्ट आहे का. पण रात्रभर डोक्यातून जाईना. आई खोटं बोलत नाही, मीठमसालाही लावत नाही. मग तिला असं का आठवतंय? आई स्वतःच रडली असेल आणि माझ्या नावावर खपवतेय असं लिहून टाकणं सोपं आहे, पण आई ती नव्हे, नाना गेले तेव्हासुद्धा... असो.

२००९ चा ऑगस्ट. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन करत होते, डाड नावाच्या जर्मन संस्थेची स्कॉलरशिप मिळाली, महिन्याभराचा समर कोर्स. आणि मी पोचतेय तोवर पुण्यात स्वाइन फ्लूने पहिला बळी गेला, देशातला पहिला. शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलला तपासणीच्या रांगा, जो तो तोंडाला रुमाल बांधून. हे सगळं मी होस्टेलच्या कॉम्प्युटरवर वाचायचे. आईला विचारलं तर "इकडे काही नाही, तू जेवलीस का." मी म्हणायचे हो. मग पेज बंद करायचे आणि झेपार्कच्या तळ्यावर पोहायला जायचे. हे मला आजही नीट लिहिता येत नाहीये. घरची आठवण यायची, नाही असं नाही, पण आत टोचायचं काहीच नाही. रात्री नऊपर्यंत उजेड, एक नंबरची लांडवासरची ट्राम पकडून परत, किचनमध्ये कोणीतरी पास्ता शिजवतंय, व्याकरण चुकलं तरी कोणी हसत नाही. गावातल्या रस्त्यांच्या कडेने दगडी पन्हळीतून पाणी वाहतं, बेख्ले म्हणतात, चुकून पाय पडला तर तिथल्याच माणसाशी लग्न होतं अशी समजूत आहे. माझा पडला, चपलेसकट. लग्न कराडला झालं.

शेजारच्या खोलीत जॉर्जियाची मुलगी होती. त्यांच्याकडे आदल्याच ऑगस्टमध्ये लढाई होऊन गेलेली. ती पण रडायची नाही. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर मी का रडले नाही? कोरडीच आहे का मी मुळात? सासूबाईंचं तसं मत आहे. बरं, एवढं सुखाचं काही त्यानंतर वाट्याला आलं म्हणावं तर तेही नाही. नंतर नोकरी, मग पोरीचं शाळेचं, नवऱ्याचं ट्रान्सफरचं, जर्मनचा उपयोग काय तर वॉशिंग मशीनचं मॅन्युअल. कोणी विचारलं की मी अजून "मी जर्मनीला होते" म्हणते आणि समोरचा "किती वर्षं?" विचारतो. एक उन्हाळा हो. तिकडचा उन्हाळा, म्हणजे आपला अख्खा पावसाळासुद्धा नाही.

आज सकाळी कणीक मळताना एकदम आठवलं.

मी परत आले तेव्हा गणपती बसलेले होते. विमानतळावर स्वाइन फ्लूचा फॉर्म भरून घेतला, घरी आले, आईने मोदक पुढे ठेवले आणि मला घास गिळेना. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. रोज. विसर्जन होऊन गेलं तरी. कॉलेज परत सुरू झालं होतं, तिथून आलं की पुन्हा तेच, आणि कारण विचारलं असतं तर काय सांगणार होते, की घरी आले म्हणून? आईने विचारलंच नाही. कपाळाला हात लावून बघायची, ताप नाही ना, आणि आल्याचा काढा द्यायची, एवढा तिखट की डोळ्यांत पाणी आलेलं त्यातच खपून जायचं.

म्हणजे रोज रडायची हे आईचं बरोबरच आहे की. तिने मला रडताना पाहिलंय, गाव तेवढं बदललं. मुद्दाम बदललं का आपोआप बदललं हे मी विचारणार नाही, आणि ती सांगणारही नाही. लेक आपल्या घरी परत आली आणि रडत बसली, असं चारचौघांत कोण सांगेल. मीसुद्धा माझ्या पोरीबद्दल नाही सांगणार, फ्रायबुर्गच बरं पडेल.

मघाशी सुमीच्या लेकीचा मेसेज आला, "मावशी, खरंच रोज रडू येतं का गं तिकडे? आणि आजी म्हणाली कुकर ने, नेऊ का?"

मी लिहिलं की रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध आणून ठेव. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या फेकू नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की एकीचे पंचवीस सेंट परत मिळतात. आणि कुकर ने, तीन लिटरचा, दोन जास्तीच्या रिंगा घे, तिकडे त्या मापाची सहजी मिळत नाही.