हर्णै बंदर, अमावस्येची ओहोटी आणि रुतलेला ट्रायपॉड

पाडव्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे अमावस्येला, हर्णैला जाऊन आलो. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होतात त्या सुमारास उधाण मोठं असतं, भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली उतरते, बस एवढ्यासाठी गाडी काढली. दापोलीपासून पंधरा-सोळा किमी.

वेळेचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावस्या म्हणजे पंधरावी तिथी, सव्वाअकराला भरती, त्यात सहा तास मिळवा की ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता पण बघाच.

चारला पोचलो तर मासळीचा लिलाव रंगात, पाणी पार लांब गेलेलं, होड्या एका कुशीवर कलंडलेल्या, नांगराच्या दोरांना हिरवं शेवाळ लोंबतंय. बैलगाड्या मासळी आणायला थेट पाण्यात शिरतात. सगळे सुवर्णदुर्गाकडे लेन्स लावून बसलेले, मला मात्र गाडीच्या चाकोरीत साचलेलं बोटभर पाणी आणि त्यात दिसणारं आभाळ जास्त आवडलं. अगदी खाली बसून वाइड लेन्सने काढा. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर थोडा थोडा फिरवून बघा, त्याचा परिणाम पूर्ण झाला की ओल्या वाळूची चमकच जाते.

घोटाळा इथेच झाला. खाली बसून फोटो काढताना ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू रुतत होता ते कळलंच नाही, शेजारच्या मावशी ओरडल्या "अरे, कॅमेरा पडतोय तुझा!" म्हणून वाचलो. बरणीची तीन झाकणं न्या, ट्रायपॉडच्या पायांखाली ठेवा. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर जॅम होतात. स्लीपर नको, चिखल ओढून घेतो आणि खडकावरची कालवं तळपाय कापतात, पट्ट्याचे सँडल बरे.

पाणी फिरलं की आधी तुमच्या मागच्या खोलगट भागात भरतं, त्यामुळे पुढेच बघत राहू नका. साडेपाचनंतर मी कनकदुर्गावर चढलो, दीपगृहाजवळून अख्खं बंदर दिसतं.

लिलावात माणसांचे फोटो विचारूनच काढा, धंद्याची वेळ असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा जाऊ नका.

आणि सूर्यास्तालाच ओहोटीचा तळ हवा असेल तर प्रतिपदा धरा, ओहोटी पावणेसातला येते. म्हणजे खरं तर पाडव्यालाच जायला हवं होतं, पण घरून कोण सोडतंय!