सिस्टिक फायब्रोसिस आणि बाप होण्याचा प्रश्न

‘तुला मुले होणार नाहीत,’ एवढेच मला तरुणपणी सांगण्यात आले होते, आणि त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे हे पुढे कितीतरी काळ माझ्या ध्यानात आले नाही. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे घट्ट स्रावांमुळे फुप्फुसे आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार, असलेल्या ९५ टक्क्यांहून अधिक पुरुषांमध्ये शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. त्यामुळे वीर्यात शुक्राणू उतरत नाहीत, परंतु वृषणांत ते बहुतेक वेळा तयार होत असतात, आणि लैंगिक क्षमतेशी तर याचा काहीही संबंध नसतो. शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याच्या ‘इक्सी’ तंत्राने १९९२ मध्ये पहिले मूल जन्माला आल्याची नोंद आहे. बारीक सुईने काढलेल्या शुक्राणूपासून आमची मुलगी त्याच मार्गाने आली. काही थोड्या पुरुषांच्या शुक्रवाहिन्या शाबूत असतात, म्हणून वीर्यतपासणी केल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये.

मात्र उपचारांकडे वळण्याआधी जोडीदाराची जनुकीय तपासणी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडून प्रत्येक अपत्याला सीएफटीआर जनुकाची (ज्याच्या दोषामुळे हा आजार होतो) एक सदोष प्रत मिळणारच. जोडीदारही वाहक असेल, म्हणजे स्वतः आजारी नसून तिच्याकडे एक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत मुलाला आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते. नेहमीची तपासणी सगळेच दोष पकडत नाही, त्यामुळे अहवाल चांगला आला तरी थोडी शंका उरते, हेही समुपदेशकाकडून नीट समजून घ्यावे.

स्त्रियांची गोष्ट निराळी. गर्भाशयमुखातील घट्ट स्राव आणि कमी वजन यांमुळे उशीर लागू शकतो, पण अनेकींना नैसर्गिकरीत्या दिवस जातात. २०१९ मध्ये आजाराच्या मूळ दोषावर काम करणारी तीन औषधांची एकत्रित गोळी आल्यापासून तर ध्यानीमनी नसताना गर्भ राहिल्याचीही उदाहरणे आहेत, म्हणून मूल नको असेल तर गर्भनिरोधन हवेच. गर्भधारणेपूर्वी फुप्फुसांची क्षमता, वजन आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने मुळीच बंद करू नयेत, कारण त्याने श्वसन झपाट्याने बिघडू शकते.

मूल घरात आल्यावर खरी ओढाताण वेळेची होते. छाती मोकळी करण्याचा व्यायाम आणि नेब्युलायझर यांत सकाळचा मोठा भाग जातो, आणि रात्री जागरण झाले की पहिला मोह तो टाळण्याचाच होतो. मी पीईपीच्या, म्हणजे कफ सुटावा म्हणून उच्छ्वासाला अडथळा देणाऱ्या उपकरणाच्या, नळीतून श्वास सोडतो तेव्हा मुलगी शेजारी बसून मोजते, आणि आठानंतर थेट दहा म्हणते. मी नववा श्वास तरीही घेतो. तिची सर्दी मला लागतेच, ती पूर्णपणे टाळता येत नाही. मला रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तिला शाळेतून कोणी आणायचे आणि रात्री तिच्याजवळ कोणी झोपायचे, हे आम्ही लिहून ठेवले आहे, आणि ते तिलाही सांगितले आहे.