‘आठे ये’ म्हटलं की येतो

आमचा मुलगा सहा वर्षांचा. घरात सगळे त्याला भाऊ म्हणतात. स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. बोलतो थोडं, तेही बहुतेक आपलंच वाक्य आपल्याला परत. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, आणि घरातला सगळा कारभार अहिराणीत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आधी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलो. त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. "मॅडम, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल हो," म्हणाले, चहासुद्धा पाजला. नंतर कळलं की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता धरलेली आहे, आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. आधी माहीत असतं तर भांडले असते का? बहुतेक नाही. जिथे पोर नकोसं आहे तिथे रोज त्याला सोडून यायला माझा जीव धजावला नसता.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज आणि जळगावला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत गर्दी बघून भाऊ जिन्याखाली जाऊन बसला तो उठेचना. दुसऱ्या वेळी पहाटेच निघालो, पहिला नंबर लावला.

गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "आणा की. फक्त त्याच्याशी कसं वागायचं ते आम्हाला सांगा." मी तिथेच डोळे पुसले.

मला एकच भीती होती. नवी जागा, नवे कपडे, नवी माणसं, नवे आवाज, सगळं 15 जूनला एकदम अंगावर आलं तर हा कोलमडेल. म्हणून मे महिन्यात रिकाम्या शाळेत जायला लागलो. पारा 44 च्या वर, त्यामुळे सकाळी सातलाच. किल्ली खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे असायची. पहिल्याच दिवशी त्यांनी हौसेने घंटा वाजवून दाखवली. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. भाऊने स्वतःच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि पुढचे तीन दिवस त्या गल्लीत पाय टाकेना. मग लांबून सुरुवात केली. मावशी आधी लोखंडी दांडा वर धरून दाखवायच्या, थांबायच्या, मग हळूच एक ठोका. ठोका पडणार हे डोळ्यांनी दिसलं, तर तो कान झाकून का होईना, उभा राहतो.

मोबाइलवर फोटो काढले: फाटक, चपला काढायची जागा, परिपाठाचं मैदान, वर्ग, नळ, शेवटी आमचं दार. झेरॉक्सच्या दुकानात छापून लॅमिनेट केले आणि सुतळीला चिमट्यांनी लावले. एक काम झालं की तो फोटो उलटा करायचा. गणवेश सहा वेळा धुऊन मऊ केला, कॉलरचं लेबल उसवलं, आठवडाभर घरातच घातला. कापूस लागवडीची घाई चाललेली आणि मी शर्टाचं लेबल उसवत बसलेली. शेजारणींना करमणूक झाली.

‘समग्र शिक्षा’ या सरकारी शिक्षण योजनेतल्या विशेष शिक्षिका जूनमध्ये घरी आल्या. "इकडे ये. खाली बस." भाऊ पंख्याकडे बघत राहिला. मॅडमनी कागदावर लिहिलं, ‘सूचना समजत नाहीत’. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आठे ये रे भाऊ. बठ खाले." आला आणि मॅडमच्या पुढ्यात मांडी घालून बसला. मॅडम हसल्या, लिहिलेलं खोडलं. त्याच दिवशी मी वर्गशिक्षिकेसाठी एक पान तयार केलं. बाई साताऱ्याकडच्या, त्यांना अहिराणी कुठून येणार! आठे म्हणजे इकडे, बठ म्हणजे बस, ‘पानी पेस का’ म्हणजे पाणी पितोस का. खाली लिहिलं: ‘पळू नको’ म्हणू नका, ‘हळू चाल’ म्हणा. कान झाकले की त्याला धरू नका, कडेला बसू द्या.

प्रवेशोत्सवाचा ढोल टाळायला आम्हाला अकराला बोलावलं होतं. पाहुण्यांनाच उशीर झाला, आणि आम्ही फाटकात असतानाच ढोल सुरू. भाऊ नळामागे जाऊन बसला, मी शेजारी. अर्ध्या तासाने त्याने स्वतःच ‘आमचं दार’वाला फोटो काढून माझ्या हातात दिला. घरी आलो. पहिला दिवस तेवढाच.

दुसऱ्या दिवशी एक तास बसला. पोळ्याचा सण येईतो खिचडीच्या सुट्टीपर्यंत बसायला लागला. खिचडी खात नाही, डब्यात भाकरीच लागते, आणि ती चौकोनी तुकडे करूनच. परिपाठाला अजून वर्गातच बसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी पुन्हा एका तासावर आली, तेव्हा मी खूप रडले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मग परत फोटो लावू."

यंदा दुसरीचा वर्ग मागच्या खोलीत आहे. तिथला पंखा कर्रकर्र वाजतो. सरांना तेल घालायला सांगून ठेवलंय, आणि उद्यापासून सकाळी सातला किल्ली आणायला जायचंय.