स्वतःचाच आजोबा झालेला माणूस

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की, दूरच्या नातलगाची जेडकॉम फाइल (वंशावळीची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायचं स्वरूप) इम्पोर्ट केली आणि ४,२०० नोंदींचा माझा वंशवृक्ष एका रात्रीत ११,०००च्या पार गेला. तो तोरा उतरलाय.

शनिवारी पूर्वजांचा तक्ता काढायला घेतला. नेहमी अर्ध्या मिनिटात निघतो. मी आंघोळ करून आलो तरी चाक फिरतंच! शेवटी साधी आनेनटाफेल यादी काढली, म्हणजे पूर्वजांची क्रमांकवार यादी, जिच्यात वडिलांचा क्रमांक मुलाच्या दुप्पट असतो. त्यात वडिलांचा क्रमांक दुप्पट-दुप्पट होत पळत सुटलेला, ३१व्या पिढीत १०७ कोटींच्या वर. नावं मात्र दोनच, आलटून पालटून. बाप, लेक, बाप, लेक.

म्हणजे चक्र, कोणीतरी स्वतःचाच पूर्वज झालेला. पण कुठे? माझ्या (विकत घेतलेल्या!) प्रोग्रामची तपासणी म्हणे ‘त्रुटी आढळल्या नाहीत’. ग्रॅम्प्स या वंशावळीच्या फुकटच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली, डेटाबेसमधलं चक्र शोधायचं साधन चालवलं, आणि चोर सापडला. आजोबा आणि नातू एकाच नावाचे. डुप्लिकेट नोंदी मर्ज (एकत्र) करताना मीच दोघांचा एक करून टाकला होता. आलेल्या नोंदीत जन्मतारीख कोरी. प्रोग्रामने कोरी तारीख म्हणजे ‘विरोध नाही’ असं धरून ९४ टक्के जुळणी दाखवली, मी रात्री दीड वाजता ‘हो’ दाबलं. पुरावा समोरच होता: एकाच माणसाला दोन पालक-कुटुंबं, आणि थोरल्या-धाकट्या मुलांत ७१ वर्षांचं अंतर.

मर्ज उलटा फिरवता येत नाही. बॅकअप २३ दिवसांपूर्वीचा. दोन्ही फाइली टेक्स्ट एडिटरमध्ये शेजारी-शेजारी लावून फरक पाहिला (जेडकॉम साधा मजकूर असतो, हे त्याचं मोठं पुण्य) आणि कुटुंबाच्या ओळी हाताने सोडवल्या. चार तास. मग तक्ता ३१ सेकंदांत निघाला. तो मी उगाचच तीनदा काढला.

जेनी या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या ८.६ कोटी प्रोफाइलांचा २०१८चा अभ्यास आठवतोय ना? १.३ कोटी माणसांचा एकच जोडलेला वृक्ष त्यातूनच निघाला. त्या संशोधकांनाही आधी दोनाहून जास्त आई-बाप असलेले, एकाच व्यक्तीचे बाप आणि लेक दोन्ही असलेले लोक निस्तरावे लागले होते. वाचून जरा बरं वाटलं.

आता उरलेले मर्ज एकेक करून तपासायचे असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, कशाला? आलेली फाइल वेगळ्या वृक्षात ठेवतो आणि मूळ कागद जोडलेली शाखाच फक्त इकडे आणतो. आत्ता गाळणी लावून पाहिली: जवळपास ७,०००पैकी स्रोत असलेल्या नोंदी ६१२. आकडा ५,०००च्या खाली येणार तर! पहिली शाखा १९ जणांची आहे, आज रात्री तीच घेतो. बॅकअप काढून.