जानेवारीत पुण्याहून दिल्ली: उशिराचं कारण लिहून घ्या

बाबांच्या अस्थी हरिद्वारला न्यायच्या होत्या, म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई लोहगावहून निघालो. दुपारी साडेबाराचं दिल्लीचं विमान, तिथून संध्याकाळी सहाला डेहराडूनचं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली होती. ही चूक सगळ्यात महाग पडली.

अकराला मेसेज आला, पाऊण तास उशीर. मग दोन वाजता सुटेल म्हणाले, मग पावणेचारला. पुण्यात लख्ख ऊन. आई काचेबाहेर बघून म्हणाली, "अगं, इथे तर ढगसुद्धा नाही." पण आमचं विमान आधी दिल्लीहून यायचं होतं आणि ते तिथेच धुक्यात अडकलं होतं. विमान आणि वैमानिक दोन्ही त्यासाठी पात्र असतील, तर दिल्लीत ५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येतं. उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर लागतात. म्हणजे पहाटे उतरलेलं विमानसुद्धा धुकं विरेपर्यंत तिथून हलत नाही, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या दिवसभर मागे पडतात.

आईला मधुमेह आहे. दीड वाजता ती इन्सुलिनचं पेन हातात धरून बसली होती. जेवण कधी मिळेल ते कळल्याशिवाय घ्यायचं कसं? काउंटरवर गेले तर उत्तर आलं, "धुकं आहे मॅडम, आमच्या हातात नाही."

इथे डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम नीट समजून घ्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर खाणंपिणं द्यायची जबाबदारी कंपनीची. पुणे-दिल्ली यात बसतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री ८ ते पहाटे ३ च्या मधलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. पण हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा अशी हाताबाहेरची कारणं असली की कंपनी या जबाबदारीतून अंग काढून घेऊ शकते. म्हणून सगळा खेळ कारणावर आहे.

पावणेतीनला विमान उतरलं. तेवढ्यात नवी घोषणा: वैमानिकांची ड्युटीची वेळ संपली, दुसरे येताहेत. मी परत काउंटरवर गेले. धुकं सकाळचं होतं, माणसं बदलणं हे कंपनीचं काम, आणि हे कारण मला ईमेलवर द्या, एवढंच शांतपणे म्हटलं. वीस मिनिटांत पोळीभाजीचे डबे आले. आमच्यासोबतच्या एका आजोबांनाही मिळाले. त्यांनी मागितलेच नव्हते.

विमान सुटलं पाच वाजून दहा मिनिटांनी. डेहराडूनचं तिकीट बुडालं. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असते तर पुढची सोय बघणं कंपनीकडे आलं असतं. रात्रीच्या धुक्यात रस्त्याने जायचं धाडस केलं नाही. दिल्लीत मुक्काम केला, ऊन पडल्यावर टॅक्सीने निघालो आणि दुपारी हरिद्वारला पोहोचलो.

डिसेंबरअखेर ते जानेवारीत जाणाऱ्यांनी दिल्लीत एक रात्र धरूनच चालावं. आदल्या दोन-तीन दिवसांत आपल्या फेरीचं विमान कुठून आलं ते विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर बघा. सकाळी दिल्लीहून निघणारं असेल तर दुसरी फेरी घ्या. विमान अचानक, कंपनीच्या कारणाने रद्द झालं, तर या मार्गावर १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी कमी असेल ती भरपाई मागता येते. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट, बोर्डाचा फोटो आणि बोर्डिंग पास जपा. आधी कंपनीकडे तक्रार करा, दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर.

अस्थिकलश नेणार असाल तर तो हातातल्या सामानात ठेवा आणि मृत्यू व अंत्यसंस्काराचे दाखले वरच्या कप्प्यात. आम्हाला तपासणीत दोन मिनिटंही लागली नाहीत. गेटवरचे पावणेपाच तास मात्र आईने तो मांडीवरून खाली ठेवला नाही.